पिवळ्या पट्टीचा हिवाळा

मागच्या आठवड्यात ठाण्याच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. आम्हाला, म्हणजे ‘इंडस्ट्रीच्या माणसांना’, मुद्दाम बोलावलेलं. एका टेबलामागच्या मुलीने दोन्ही हातांनी तिचं कार्ड माझ्यापुढे धरलं. कार्ड इतकं नवं करकरीत होतं की कडा बोटाला लागत होत्या. रंगाच्या कारखान्यातलं पाणी साफ करणारी बुरशी तिने आणि तिच्या मित्रांनी घडवली होती. तिचं बोलणं पाठ केलेलं होतं, मधेच एक वाक्य विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी म्हणाली, “मॅडम, तुमच्या कंपनीला यात इंटरेस्ट असेल का?”

“बघू,” मी म्हटलं.

बाहेर आले तर संध्याकाळची हवा खाली बसलेली होती.

हवा खाली बसते म्हणजे काय, हे डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवाळी उलटून थोडे दिवस गेले की पहाटे एक वास गल्लीत उतरतो. कधी सडक्या कोबीसारखा, कधी गोडसर, औषधाच्या बाटलीचं बूच नुकतंच काढल्यासारखा. उन्हाळ्यात तो वर निघून जातो, पावसाळ्यात धुऊन जातो, थंडीत मात्र त्याला जायला जागा नसते. आमच्या घरी आई खिडक्या लावून घ्यायची आणि म्हणायची, “आज फेज टूवाल्यांनी सोडलंय वाटतं.” फेज टू म्हणजे पलीकडची कारखान्यांची वसाहत. दूधवाला आला, असं सांगावं तितक्या सहज. बाहेरगावचे नातेवाईक नाकाला रुमाल लावायचे तेव्हा आम्हाला त्यांचं हसू यायचं.

अशाच एका हिवाळ्यात, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आम्ही तिघं एक वस्तू विकायला निघालो होतो.

मी, प्रज्ञा आणि निनाद. निनाद माझ्यासारखाच डोंबिवलीचा, बडबड्या, इस्त्रीचा शर्ट घालणारा. प्रज्ञा कोपरीची. ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर तिची चाळ, वडील ठाण्यात कोर्टात शिपाई, दारावर निळ्या रंगात ‘जयभीम’ लिहिलेलं. आमच्यात हात तिचा चांगला होता. प्रयोगशाळेत एखादा थेंब किती मोठा पडेल ते तिला आधी कळायचं. मी वाचणारी, टिपणं काढणारी. एरवी मी कुणाच्या नजरेत भरायचे नाही, पण काम नेटकं करायचे. पुढे जे झालं ते या नेटकेपणामुळेच झालं, असं आता वाटतं.

जनुकांची जुळवाजुळव म्हटलं की लोकांना काहीतरी भयंकर आठवतं. आमचं काम तसं साधं होतं. काही जंतू क्रोमियम असलेल्या पाण्यातही तग धरतात. ते विष आलं की ओळखायची युक्ती त्यांच्याकडे असते. ती युक्ती आम्ही उचलली, रंग पालटणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाला जोडली आणि सगळ्याचा अर्क कागदाच्या पट्टीवर सुकवला. जिवंत जंतू त्यात एकही नाही. पट्टी पिवळी. पाण्यात बुडवून तासभर ठेवायची. क्रोमियम असलं तर जांभळी होते, नसलं तर पिवळीच राहते. शाळेतल्या मुलालाही वाचता येईल असं उत्तर. फक्त तिला अंगाची ऊब लागायची. प्रयोगशाळेत त्यासाठी यंत्र होतं, बाहेर थंडीत आम्ही भिजवलेल्या पट्टीचं पाकीट काखेत धरून बसायचो. प्रज्ञाच्या मरून स्वेटरच्या आत कायम एखादी पट्टी असायची. बोलता बोलता ती हळूच काढून बघायची, ताप पाहिल्यासारखी.

आमच्या गाइड वैद्य मॅडम म्हणाल्या, “विज्ञान झालं तुमचं. आता स्पर्धेच्या पुढच्या फेरीला कंपनीचं पत्र लागेल. आम्ही हे उत्पादन घ्यायला उत्सुक आहोत, असं कुणीतरी लेटरहेडवर लिहून द्यायला हवं. जा, भेटा लोकांना. नेटवर्किंग करा.”

तो शब्द आम्ही तेव्हा नवीन चपलेसारखा वापरायचो, जरा टोचणारा, पण मिरवावा असा. स्टेशनजवळच्या दुकानात कार्डं छापली. निनादच्या नावाखाली ‘को-फाउंडर’ आणि आमच्या दोघींच्या नावांखालीही ‘को-फाउंडर’. मग औद्योगिक वसाहतीतल्या गेटांवर आमच्या चकरा सुरू झाल्या. “अपॉइंटमेंट है?” नाही. “तो फिर?” कधी आत सोडायचे, एसीत अर्धा तास बसवायचे, आणि कुणीतरी येऊन म्हणायचं, “सँपल ठेवून जा, बघतो.” रिक्षात बसलं की निनाद म्हणायचा, “होईल यार, जमेल काहीतरी.” आणि बाहेर नाल्याचं पाणी त्या दिवशी ज्या रंगाचं असेल त्या रंगाचं वाहत असायचं.

त्या चकरांतला एक माणूस मला विसरता येत नाही. धातूवर मुलामा चढवायचा छोटा गाळा होता त्याचा. आत क्रोमियमच्या नारिंगी द्रवाच्या टाक्या, वर पिवळट वाफ. नखं हळकुंडासारखी पिवळी. आमचं सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

“छान बनवलंय. पण बाई, हे मला कशाला विकता? माझ्या पाण्यात काय आहे ते मला माहितीये.”

“मग कोणाला विकायचं?” प्रज्ञाने विचारलं.

“ज्याला माहीत नाही त्याला.” तो हसला. “पण तो तुम्हाला लेटरहेडवर लिहून देणार नाही.”

निनाद बाहेर येऊन चिडला. प्रज्ञा मात्र वाटभर ती पट्टी बोटांत फिरवत होती. मला वाटतं आमच्यातल्या फक्त तिलाच त्या दिवशी आमची वस्तू कोणासाठी आहे ते कळलं होतं.

दातार साहेब भेटले ते ठाण्यातल्या एका उद्योग मेळाव्यात. एका मोठ्या रसायन कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. पांढरेशुभ्र केस, स्वच्छ पुणेरी मराठी. बटाटेवड्याची बशी हातात घेऊन ते आमच्या टेबलापाशी थांबले आणि इतके चांगले प्रश्न विचारले की मी टिपून घ्यायला लागले. “अगं मुलींनो, हे तुम्ही इथे मांडून काय बसलात? उद्या ऑफिसात या माझ्या.” आम्ही गेलो. त्यांनी चहा दिला, आईवडिलांची चौकशी केली, आपल्या लॅबमध्ये बसायला टेबल दिलं. कारखान्याच्या पाण्याच्या पाच बाटल्या समोर ठेवल्या. आम्ही पाच पट्ट्या बुडवल्या. तासाभराने पाचही पिवळ्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात प्रज्ञा म्हणाली, “पाची बाटल्या एकाच नळाच्या होत्या.”

“कशावरून?”

“बुडबुडे सारखे होते. आणि नाल्याला एवढा रंग येतो तो कुठून मग?”

“अगं, पत्र मिळतंय ते बघ ना,” निनाद म्हणाला. मलाही तेच म्हणायचं होतं. त्याने म्हटल्यामुळे माझं वाचलं.

त्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगला पाणी कमी पडत होतं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. एक दिवसाआड टँकर मागवायचे, स्वतः खाली उभे राहून पाइप टाकीत सोडून घ्यायचे. आई ते पाणी गाळून सकाळी मोठ्या पातेल्यात खळखळून उकळायची. एका रविवारी प्रज्ञा आमच्याकडे पोहे खायला आलेली. स्वेटरमध्ये न वापरलेली पट्टी होती, तिने गंमत म्हणून ओट्यावरच्या पातेल्यातलं पाणी घेतलं आणि पाकीट काखेत धरून आईशी गप्पा मारत बसली. आई तिला भाताच्या पापड्यांची कृती सांगत होती. मधेच प्रज्ञाने पाकीट काढलं, पाहिलं, आणि पुन्हा आत ठेवलं. चेहरा तसाच. आई आत गेल्यावर तिने ते माझ्या हातात दिलं.

पट्टी जांभळी होती. गर्द नव्हे. जांभळाचा रस कपड्यावर सांडून धुतल्यावर राहतो तेवढी.

आम्ही टँकरच्या पाइपातलं पाणी घेतलं. तीच छटा. उकळलेल्या पाण्यात जरा जास्तच, कारण उकळल्याने वाफ जाते, धातू जात नाही. रोज सकाळी आई मायेने ते विष थोडं दाट करत होती. प्रज्ञाने टँकरच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं, “काका, कुठून भरता?” त्याने सांगितलं, वसाहतीमागच्या जुन्या विहिरीवरून.

“पालिकेत जाऊ,” प्रज्ञा म्हणाली. “पण आधी मोठ्या लॅबमधून पक्कं करून घेऊ. आठ दिवस कोणाला काही बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी दातार साहेबांना सांगितलं.

का सांगितलं? या प्रश्नाची उत्तरं मी वर्षानुवर्षं बदलत आले आहे. ते वडीलधारे होते. त्यांना यातलं कळत होतं. त्यांनी आधी विचारलं होतं, “काय गं, चेहरा का असा?” मी विहिरीचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं केलंस मला सांगितलंस. अशा गोष्टी घाईने बाहेर काढायच्या नसतात. चुकीचं निघालं तर माणसं उद्ध्वस्त होतात. मी बघतो.”

पाचव्या दिवशी विहिरीवर लोखंडी झाकण आलं. वेल्डिंग करून बसवलेलं, कडांवरचा काळेपणा अजून ताजा. पंप उचललेला. टँकर दुसरीकडून यायला लागला. प्रज्ञाने पाठवलेल्या बाटलीचं मोठ्या लॅबने काही केलं नाही. पाणी घेण्याची रीत चुकली, शिक्का नाही, पुन्हा पाठवा, असं उत्तर आलं. पुन्हा पाठवायला पाणी नव्हतं. तिच्या अर्जावरून पालिकेची माणसं आली, सोसायटीच्या टाकीतलं नवं पाणी घेऊन गेली, ते स्वच्छ निघालं. विहिरीचं विचारल्यावर त्यांच्यातला एकजण म्हणाला, “ती तर कधीपासून बंदच आहे, ताई.”

दातार साहेबांनी कुणाला फोन केला, की केलाच नाही, मला आजही माहीत नाही. योगायोग असू शकतो. मी हे वाक्य इतक्यांदा मनात म्हटलंय की त्याला आता काही चव उरलेली नाही.

प्रज्ञा आणि मी त्या झाकणापाशी उभ्या होतो. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. पलीकडच्या भिंतीआड कसली तरी मोटर एका सुरात चालू होती.

“तू कोणाला सांगितलंस?” तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

मी सांगितलं.

“हं,” ती म्हणाली. आणि पाकीट काखेत धरायची सवय असल्यासारखा हात स्वेटरच्या आत घालून उभी राहिली. आत काही नव्हतं.

त्यानंतर करार आला. कंपनी पट्टी घेणार, पेटंटवर आमची नावं, शिक्षण झालं की नोकरी. एकच दुरुस्ती हवी होती. दातार साहेबांनी ती आम्हाला आजोबांच्या प्रेमाने समजावली. “ही पट्टी फार हळवी आहे गं. कारखान्याच्या सांडपाण्यात कायदा जेवढं चालवून घेतो, त्याच्याही खाली ही जांभळी होते. उगाच घबराट. तिला थोडी शहाणी करा. मर्यादा ओलांडली तरच बोलेल अशी.”

यात खोटं काहीच नव्हतं. सांडपाण्याची मर्यादा वेगळी असते, पिण्याच्या पाण्याची वेगळी, आणि पहिली जास्त सैल. पट्टी सांडपाण्यासाठी असेल तर त्यांचं बरोबरच होतं. वैद्य मॅडमही म्हणाल्या, “उत्पादन म्हणजे तडजोड असतेच.” निनादने सही केली. प्रज्ञाने केली नाही.

“मृदुला,” ती मला म्हणाली, “तुमच्या घरचं पाणी त्या दोन मर्यादांच्या मधलं होतं. कळतंय का तुला?”

“पण ते पाणी आता येत नाही ना.”

“आपल्याकडे येत नाही.”

मी सही केली. आणि दुरुस्ती मीच केली, कारण प्रज्ञा नव्हती आणि निनादला हे हातकाम जमायचं नाही. डिसेंबर संपून जानेवारी लागेपर्यंत मी रोज सकाळी लॅबमध्ये जायचे आणि त्या पट्टीला थोडं थोडं कमी ऐकू येईल असं करायचे. मिश्रणात हे थोडं कमी, ते थोडं जास्त. तपासायला एक पाणी लागायचं. मी आमच्या ओट्यावरच्या पातेल्यातलं जुनं पाणी एका बाटलीत जपून ठेवलं होतं, प्रज्ञालाही न सांगता. त्या एका बाटलीने कदाचित काही सिद्ध झालं असतं, कदाचित शिक्का नाही म्हणून तीही परत आली असती. मी ते पाणी थेंब थेंब करून पट्टीवर संपवलं. ज्या दिवशी त्या पाण्यात पट्टी पहिल्यांदा पिवळीच राहिली, त्या दिवशी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप पडली. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण खरंच झाला होता. नेटकं काम जमल्याचा.

प्रज्ञाने पुढे दुसऱ्या विषयात अभ्यास केला. ठाण्यातच एका शाळेत शिकवते म्हणतात. स्टेशनच्या पुलावर एकदा समोरून आली होती. माझ्याकडे बघून थांबली नाही, पण मान हलवली, ओळखीच्या अनोळखी माणसाला हलवतात तशी. निनाद परदेशात आहे. वाढदिवसाला मेसेज करतो.

मी कंपनीतच राहिले. काही वर्षांनी पट्टीला नवा खोका आला. त्यावर निळा थेंब आणि हसणारी आई, हातात मूल. ‘घरच्या पाण्यासाठी.’ आत तीच पट्टी. मी दातार साहेबांच्या केबिनमध्ये गेले, ते निवृत्तीच्या आवराआवरीत होते. “साहेब, ही सांडपाण्याची आहे.” ते फोटोची चौकट कागदात गुंडाळत होते. “अगं, पाणी ते पाणीच,” म्हणाले, आणि चिकटपट्टीचं टोक शोधून द्यायला सांगितलं. मी नखाने टोक सोडवून दिलं. एवढंच माझं भांडण.

बाबा दर महिन्याला सोसायटीच्या टाकीचं पाणी त्या पट्टीने तपासतात आणि पट्टी नोटीस बोर्डावर टाचून ठेवतात. “आमच्या मुलीने शोधलीय,” येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी माहेरी गेले की लिफ्टची वाट बघताना त्या पिवळ्या ओळीकडे पाठ करून उभी राहते.

प्रदर्शनातून परतल्यावर दोन दिवसांनी मला टिटवाळ्याला जायचं होतं. नवी इमारत, बोअरवेलचं पाणी, रहिवाशांच्या मनात शंका. अशा ठिकाणी जाऊन पट्टी दाखवणं हे हल्ली माझं काम आहे. चौथ्या मजल्यावर स्नेहल नावाच्या एका बाईंच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. मी पाण्यात पट्टी बुडवली, ऊब देणाऱ्या डबीत ठेवली, तासभर प्रश्नांना उत्तरं दिली. पट्टी पिवळी राहिली. कुणीतरी “हुश्श” म्हणालं, सगळे हसले, आणि जिना उतरत आपापल्या घरी गेले.

मी डबी आवरत होते. स्नेहल आतून तांब्या-पेला घेऊन आली.

“घ्या मॅडम, केव्हाच्या बोलताय. आता बिनधास्त देता येतं पाहुण्यांना. इतके दिवस बिसलरीच आणत होतो.”

पेला गार होता. बाहेरून दव धरलेला. मी तो हातात घेतला आणि तिथेच अडले.

“राहू दे,” मी म्हटलं. “माझ्याकडे बाटली आहे.”

ती हसून काहीतरी बोलणार होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पट्टीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या हातातून पेला तिने अगदी अलगद काढून घेतला. स्वयंपाकघरातून कुकरची पहिली शिट्टी झाली, आणि तिच्या सासूबाईंनी आतून विचारलं, “स्नेहल, वरणाला अजून पाणी घालू का गं?”

“थांबा आई,” ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली. “घालू नका काही.”

मग हळू आवाजात मला विचारलं, “काय आहे हो या पाण्यात?”

मला खरंच माहीत नव्हतं. कळू नये अशी पट्टी मीच केली होती.